पिवळ्या पुडीची वाटणी

पूड मी वाटली. चोरली न्हाई. हे पहिलंच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी "पण ठकुबाई, खरं काय ते सांगा" असं म्हणायला नको. मी खरंच सांगणार हाय. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर उठा.

मी निपाणीकडची. आमचे मालक यल्लाप्पा जालहळ्ळीच्या कारखान्यात लेथवर लागले, त्यांच्यामागं मी बेंगळूरला आले, चोपन्न सालात. यशवंतपूरच्या एका वठारात, म्हणजे चाळीत, दोन खोल्या मिळाल्या. सगळ्या बाया कानडी, एक तेलुगू, मराठी मी एकटी. चार वर्षं मी लोकांची धुणीभांडी केली. मग कळलं, तुमकूर रस्त्याला सरकारी डुक्करफार्म निघालंय आन् तितं जनावरांना खाऊ घालायला बाया घेतात. मी गेले. त्यांनी विचारलं, डुकरांचं काम हाय, चालेल का? मी म्हटलं, चालेल.

घरात रणकंदन झालं. माझी जाऊ गंगव्वा गावाकडनं आली होती. म्हणाली, तुझ्या हातचं पाणी मी आता पिणार न्हाई. मी म्हटलं, नको पिऊ बाई, रस्त्याच्या कोपऱ्यावर नळ हाय, ओंजळ कर आन् पी. दोन दिवस तशीच पीत होती, तिसऱ्या दिवशी ऊन लागलं तशी मुकाट तांब्या घेतला. वठारातल्या बाया मला 'हंदी अक्का' म्हणायला लागल्या. हंदी म्हणजे कानडीत डुक्कर. मी राग धरला न्हाई. मागं 'अक्का' तरी लावतात की!

आता पिल्लांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरनंच झालं. ती विलायती जातीची पांढरी डुकरं. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की त्याचं दूध तोडायचं. आईला पलीकडच्या शेडात न्यायचं, पिल्लांना सिमेंटच्या खोलीत कोंडायचं. दोन दिवस आई तिकडं ओरडते, पिल्लं इकडं ओरडतात, कान किटून जातात. मग पोटं बिघडतात. कालपर्यंत ऊन ऊन दूध, आज मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड आन् गव्हाचा कोंडा. पचणार कसं? हगवण लागते, केस उभे राहतात, पाठीची हाडं वर येतात. काही सावरतात, काही जातात. त्या पंधरा-वीस दिवसांत खाऊ घालणारा हात चांगला पाहिजे. माझ्या हाताखाली पिल्लं कमी दगावायची. हे मी न्हाई म्हणत, डॉक्टर जयतीर्थ म्हणायचे.

जयतीर्थ डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर, तिशीतला माणूस, मल्लेश्वरमचा. शहाजीराजांच्या वेळेपासनं हितं राहिलेल्या घरातले, म्हणून घरी मराठी, पण तिच्यात निम्मी कानडी. त्यांना मराठी बोलायला फार्मवर मी एकटी सापडले होते. "ठकुअक्का, स्वल्प इकडे या" असं बोलवायचे. संध्याकाळी घरी गेले की त्यांची आई अंबुबाई त्यांना मागच्या दारानं आत घ्यायची आन् डोक्यावर दोन बादल्या ओतल्याशिवाय ताट वाढायची न्हाई, हे ते स्वतःच हसून सांगायचे.

बासष्ट सालात, दिवाळी झाल्यावर, डॉक्टरांनी मला दोन खोल्या दाखवल्या. शेजारी शेजारी, मधे नुसते लोखंडी गज. प्रत्येक खोलीत बारा पिल्लं. एकेका आईची पिल्लं निम्मी हिकडं, निम्मी तिकडं घातलेली. म्हणाले, "अक्का, खाणं दोन्हीकडे तेच. पण पहिल्या खोलीच्या खाण्यात ही पूड घालायची. दुसऱ्या खोलीला नाही. सरी?"

मी म्हटलं, "सरी." सरी म्हणजे बरं, ठीक.

डब्यातली पूड पिवळीधमक, हळदीसारखी. कसलं तरी औषध, पिल्लं आजारी पडत न्हाईत आन् भराभर वाढतात असं म्हणायचे. स्टोअरकीपर बिंदुमाधव रोज सकाळी मापानं काढून माझ्या वाटीत द्यायचा आन् वहीत लिहायचा.

पहिला दिवस मी सांगितल्यासारखं केलं. पहिल्या खोलीत पुडीचं खाणं ओतलं, दुसऱ्या खोलीत बिनपुडीचं. दुसऱ्या खोलीतल्या पिल्लांनी आपल्या खाण्याला तोंडच लावलं न्हाई. गजांतनं नाकं काढून शेजारी बघत बसली. तिकडं त्यांचीच भावंडं मचमच करून खात होती. 

माझा बाप देवाप्पा गावच्या जत्रेत आमटी वाढायचा. तीनशे पानं उठायची, कधी चारशे. आमटी कमी हाय असं दिसलं तर बाप चुलीकडं ओरडायचा, पाणी घाला, मीठ घाला, पण शेवटच्या पानापर्यंत न्या. मी आठ वर्षांची असताना गूळ वाढायला घेतला आन् माझ्या मैत्रिणीच्या पानात एक खडा जास्त टाकला. बापानं बघितलं.  पंगत उठू दिली न्हाई, मला घरी पिटाळलं, घरातली सगळी ढेप आणायला लावली, फोडायला लावली, आन् त्या ओळीतल्या प्रत्येक माणसाला एक एक खडा जास्त वाढायला लावला. आमच्या घरी पुढं महिनाभर गूळ नव्हता. तवापासनं एका ओळीत बसलेल्याला वेगळं वाढायचं माझ्या हातानं होत न्हाई. हात पुढं जातच न्हाई, काय करू?

आन् मला कुणी सांगितलं होतं का, दुसऱ्या खोलीला पूड कशापायी न्हाई ते? कुणी न्हाई. मला वाटलं, पूड महागाची हाय, पुरत न्हाई, म्हणून निम्म्यांनाच देतात. कमी असेल तर कमी कमी द्यावी, पण सगळ्यांना द्यावी! दुसऱ्या दिवसापासनं मी दोन्ही खोल्यांचं खाणं एकाच घमेल्यात कालवलं, त्यात ती वाटीभर पूड टाकली, नीट हलवलं आन् दोन बादल्यांत सारखं केलं. आठ आठवडे. एक दिवस चुकले न्हाई. पिल्लंही अशी टुमटुमीत झाली म्हणता, चोवीसातलं एक गेलं न्हाई. मी मनात म्हटलं, बघा, वाटून खाल्लं तर कसं अंगी लागतं.

आठ आठवड्यांनी वजनाचा दिवस आला. आमचा वजनकाटा म्हणजे खाली फळी, वर लोखंडी पिंजरा, पुढं मागं दार. पिल्लू आत ढकलायचं, दार लावायचं, बिंदुमाधव आकडा सांगणार, डॉक्टर लिहिणार. त्या दिवशी मोठे साहेब आले होते. फार्मचे मुख्य. कानडी माणूस, उंच, पांढरा शर्ट, तपकिरीचा शौकीन. त्यांनी वरच्यांना आधीच कळवून ठेवलं होतं म्हणे, की पुडीनं पिल्लं किती वाढतात ते बघाच.

दोन्ही खोल्यांची वजनं सारखी निघाली. अगदी सारखी.

साहेबांनी कागद दोनदा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. कानडीत विचारलं, "पूड कुठं गेली?"

मी म्हटलं, "खाल्ली की पिल्लांनी."

"पहिल्या खोलीनं खाल्ली असती तर ती दुसऱ्या खोलीच्या पुढं गेली असती. डबे तर रिकामे झालेत. कुठं दिलीस? बाहेरचे डुक्करवाले या पुडीसाठी दारात उभे असतात, मला माहीत नाही का?"

मी सांगितलं. तितल्या तितं, सगळ्यांसमोर. म्हटलं, साहेब, मी दोन्ही खोल्यांना सारखी वाटली. साहेब हसले. वाईट हसले. म्हणाले, "आता गोष्ट रचते." आन् मग तो शब्द बोलले. "कळ्ळी."

कळ्ळी म्हणजे चोरटी. काट्याभोवती अकरा माणसं होती, मी मोजली. कुणी वर बघितलं न्हाई. जयतीर्थ डॉक्टरसुद्धा कागदात डोकं घालून उभे राहिले. त्यांचा मला साहेबांहून जास्त राग आला.

दुपारी ऑफिसात बोलवलं. टाईप केलेला कागद पुढं केला. बिंदुमाधवानं वाचून दाखवला: मी पूड नेली, माझी चूक झाली, माफी असावी. साहेब म्हणाले, "अंगठा लाव आणि घरी जा. पोलिसात देत नाही, तेवढं तुझ्यावर उपकार."

मी म्हटलं, "साहेब, मला सही येते. शेजारच्या शाळामास्तरणीकडनं शिकले. पण ह्या कागदावर सही न्हाई आन् अंगठाबी न्हाई. पोलीस बोलवा. त्यांनाही हेच सांगेन."

"मग उद्यापासून आत यायचं नाही."

"आत न्हाई येत," मी म्हटलं, "पण येणार."

घरी मालकांनी सगळं ऐकून घेतलं आन् म्हणाले, "टाकायचा अंगठा आन् मोकळं व्हायचं. दुसरं काम मिळंल. लोक काय, आठ दिवसांत विसरत्यात."

माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "विसरत्यात? उद्या वठारात कुणाचं दोरीवरचं लुगडं गेलं, तर पहिलं कुणाच्या दारात येतील? तुमच्या! आन् तुम्ही काय दाखवणार, माझा अंगठा? मी धुणी धुतली, डुकरं राखली, जावेचं ऐकून घेतलं, सगळ्या गावानं नाक मुरडलं ते सोसलं. पण चोर म्हणून घेणार न्हाई. मेले तरी न्हाई!"

 सकाळी मालक सायकलला गोणपाटाची घडी बांधून मला फार्मपर्यंत डबलसीट घेऊन गेले. फाटकाशी घडी काढून दिली. म्हणाले, "दगड गार असतोय, ह्याच्यावर बस."

फाटकाबाहेर एक मैलाचा दगड होता, त्याच्याशेजारी मी बसले. सकाळच्या खाण्याच्या वेळेला यायची, संध्याकाळचं खाणं झालं की जायची. माझ्या जागी कुणी तरी नवीन बाई घेतली होती. आत बादलीचा आवाज झाला की पिल्लं ओरडायची आन् मी बाहेरनं मोठ्यानं म्हणायची, "आलं, आलं, दम धरा!" रखवालदार म्हणाला, बाई, तमाशा कशाला? मी म्हटलं, रस्ता सरकारचा हाय, तुझा न्हाई, गप बस. येणारे जाणारे विचारायचे. प्रत्येकाला मी सगळं सांगायची, पहिल्यापासनं.

चौथ्या दिवशी जयतीर्थ डॉक्टर बाहेर आले. हातात दोन वह्या. माझ्यासमोर उकिडवे बसले, एवढे शिकलेले, रस्त्याच्या धुळीत.

"अक्का, खरं सांगा. दोन्ही खोल्यांना सारखी दिलीत?"

"चार दिवस ओरडून सांगते हाय. आता ऐकू आलं?"

"कशी दिलीत? दाखवा."

मी धुळीत बोटानं घमेलं काढलं, दोन बादल्या काढल्या, सगळं दाखवलं. मग त्यांनी विचारलं का दिलीत, तर बापाचं, गुळाचं, पंगतीचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. आधी हसले, मग चिडले.

"पंक्तिप्रपंच! अहो अक्का, ही पंगत नव्हती! दोन महिन्यांचं काम माझं मातीत गेलं. एकाला द्यायची आणि एकाला नाही, तरच पूड किती कामाची ते कळतं. तेवढ्यासाठीच सगळं मांडलं होतं."

मीही चिडले. "मग हे मला कधी सांगितलं? 'सरी?' म्हणालात, मी सरी म्हटलं. कशापायी ते एका शब्दानं बोललात? माझ्या हातात बादली देता, बादलीत काय चाललंय ते सांगायला तोंड दुखतं? आन् तुमच्या बामणांच्या मठात असेल पंगतीत भेद. आमच्या जत्रेत नसतो."

 डॉक्टर म्हणाले, "खरं आहे. चूक माझी." मग वह्या उघडल्या. "हे बघा, मी काल रात्रभर हे जुळवत होतो. ही मागच्या वर्षीची पिल्लं, याच वयाची, नुसत्या खाण्यावर वाढलेली. आणि ही तुमची. तुमच्या दोन्ही खोल्या त्यांच्या कितीतरी पुढे आहेत. पूड पोटात गेल्याशिवाय हे होणार नाही. तुम्ही चोरली असती, तर तुमची पिल्लं मागच्या वर्षीसारखी राहिली असती."

"हे साहेबांना सांगा की."

"सांगितलं. ते म्हणतात, यंदा हवा चांगली होती, मका चांगला होता." ते उठले, पँटची धूळ झटकली. "परत करायला पाहिजे. तीन खोल्या. एकीला पूर्ण पूड, एकीला निम्मी, एकीला काही नाही. तुमच्या पिल्लांना निम्मी मिळाली होती. ती निम्म्याच्या खोलीसारखी निघाली, तर साहेबांना बोलायला जागा राहणार नाही. पण अक्का, खाऊ तुम्हीच घालायचं. दुसऱ्या हातानं घातलं तर म्हणतील, हात बदलला म्हणून फरक पडला."

साहेबांनी हो म्हणायला आठ दिवस लावले. मला आत बोलवून म्हणाले, "पूड कुलपात राहील. कालवताना बिंदुमाधव समोर राहील. खोटी निघालीस तर सरळ पोलीस."

"आन् खरी निघाले तर?"

"तर कामावर ये."

"कामाचं मी विचारलं न्हाई, साहेब. कळ्ळी म्हणालात ते मागं घ्यायचं. त्याच काट्याशी, सगळ्यांसमोर."

साहेबांनी तपकीर ओढली आन् म्हणाले, "नोडोण." म्हणजे बघू. मी ते बघू पक्कं लक्षात ठेवलं.

पुढचे आठ आठवडे मी काय काढले, माझं मला ठाऊक. तीन खोल्या, बारा बारा पिल्लं, परत तीच भावंडं तीन ठिकाणी वाटलेली. तीन घमेली, तीन बादल्या, प्रत्येकीवर रंगानं आकडा. आता मला ठाऊक होतं कशापायी ते, म्हणून चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. पण ठाऊक असलं म्हणून हाताला सोपं जातं असं न्हाई. पहिल्या दोन खोल्यांत पिवळं खाणं ओतायचं आन् तिसरीत पांढरं. रोज दोन वेळा. तिसऱ्या खोलीतली गजांतनं नाकं काढायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांना हगवण लागली. मी रात्रंदिवस खोली धुतली, पेंढा बदलला, जे नियमात बसत होतं ते सगळं केलं. सहाव्या आठवड्यात एक पिल्लू गेलं. मी त्याला उचलून बाहेर नेलं. अंगात काही वजनच नव्हतं. मी रडले. साहेबांच्या नावानं शिव्या दिल्या, आन् स्वतःलाही दिल्या, कारण माझं नाव धुवायला ते गेलं होतं.

त्याच खोलीत एक होती, उजव्या कानावर काळा ठिपका. मी तिला ठिपकी म्हणायची. सगळ्यांत बारकी. बाकीची ढकलून द्यायची, तरी परत यायची घुसत. एक दिवस दुपारी बिंदुमाधवाला ऑफिसातनं हाक आली आन् तो पुडीचा डबा उघडा टाकून गेला. शेडमध्ये मी आन् पिल्लं. ठिपकी माझ्या पायाशी आली, माझं बोट चोखायला लागली. मी डब्यात हात घातला. चिमूट काढली. तिच्या तोंडापाशी नेली.

मला बापाचा आवाज ऐकू येत होता, वाढ म्हणून. पण मी वाढलं असतं, तर काट्यावर ठिपकीनं खोटं सांगितलं असतं, आन् मग साहेब म्हणाले तेच खरं झालं असतं, की ह्या बाईच्या हाताचा भरवसा न्हाई. मी चिमूट परत डब्यात झाडली. बोटाला लागलेली पिवळी पूडसुद्धा लुगड्याला पुसली, तिला चाटू दिली न्हाई. ठिपकी माझ्याकडं बघत राहिली. जन्मात मी कुणाशी इतकी वाईट वागले न्हाई.

वजनाचा दिवस उजाडला. ह्या वेळी साहेबांबरोबर वरचे दोघं पाहुणे आले होते, सूट घातलेले. बिंदुमाधव आकडे ओरडत होता, डॉक्टर लिहीत होते. पहिली खोली झाली. दुसरी झाली. पहिली आन् दुसरी, पूर्ण आन् निम्मी, जवळजवळ सारख्याच. मग तिसरी. पहिलं पिल्लू काट्यावर चढलं तवाच कुजबुज झाली. एकेक करत दहा झाली. तिसरी खोली कितीतरी मागं होती. डॉक्टरांनी मागच्या वेळचा कागद काढून शेजारी धरला. माझ्या त्या दोन खोल्या निम्म्याच्या खोलीशी तंतोतंत जुळत होत्या.

साहेबांचा चेहरा फुलला. पाहुण्यांना इंग्रजीत काय काय सांगायला लागले. डॉक्टरांनी मला हळूच सांगितलं, "म्हणतायत, निम्म्या पुडीतच काम होतं हे आम्ही शोधून काढलं."

"आम्ही?" मी म्हटलं. "आन् माझं?"

डॉक्टर पुढं झाले. म्हणाले, "सर, ठकुबाईंचं ते..." साहेबांनी हात हलवला. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "हां हां, उद्यापासून ये कामावर. झालं ते झालं. चला, शेवटचं पिल्लू घ्या."

शेवटची ठिपकी राहिली होती. ती माझ्या काखेत होती. मी तिला डॉक्टरांच्या हातात दिली, पिंजऱ्याचं दार उघडलं, आन् स्वतः आत जाऊन बसले. दार आतनं ओढून घेतलं.

"अरे, हे काय?" बिंदुमाधव ओरडला.

"वजन घे माझं," मी म्हटलं. "दोन महिने पूड मी खाल्ली म्हणतात ना? मग दिसेल की काट्यावर! घे, सांग किती भरते!"

साहेब लालबुंद झाले. "बाहेर ये! पाहुणे बघतायत!"

"बघू द्यात. त्या दिवशी अकरा जणांनी बघितलं होतं, आज तेरा हायत. ह्याच काट्याशी तुम्ही मला कळ्ळी म्हणालात. आता हितंच सांगा, मी कोण हाय ते. न्हाईतर मी हितनं उठत न्हाई, आन् तुमचं शेवटचं पिल्लू तोलायचं राहतं. मला काय, मला घाई न्हाई. फाटकाशी दगडावर बसायची सवय हाय, हितं तर फळी हाय."

कुणी तरी फिसकन हसलं. पाहुण्यांतल्या एकानं डॉक्टरांना विचारलं, ही बाई काय म्हणते? आन् जयतीर्थ डॉक्टरांनी, पहिल्या वेळी कागदात डोकं घालून उभे राहिलेल्या त्या माणसानं, ठिपकीला छातीशी धरून सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं, मला एक शब्द कळला न्हाई, पण मधे दोनदा माझं नाव आलं आन् एकदा 'पंगत' आलं. पाहुणे साहेबांकडं बघायला लागले.

साहेबांनी तपकिरीची डबी काढली, उघडली, परत बंद केली. मग म्हणाले. हळू म्हणाले.

"कळ्ळी अल्ल."

"ऐकू आलं न्हाई, साहेब. त्या दिवशी एवढं हळू बोलला नव्हता."

"ठकुबाई कळ्ळी अल्ल!" साहेब ओरडले. "चोर नाही! झालं?"

"झालं," मी म्हटलं, आन् बाहेर आले. 

ठिपकीला काट्यावर ठेवलं. बिंदुमाधवानं आकडा सांगितला. पस्तिसांतला सगळ्यांत लहान. डॉक्टरांनी तो लिहिला आन् खाली रेघ ओढली.

मी विचारलं, "डॉक्टर, परीक्षा संपली?"

"संपली, अक्का."

"पक्की? आता कुणाला कायबी दिलं तरी तुमचं बिघडत न्हाई?"

"आता नाही बिघडत."

बिंदुमाधवाच्या टेबलावर पुडीचा डबा होता. मी तो उचलला. झाकण काढलं. घमेल्यात भरडा ओतला, पेंड घातली, वर पूड झाडली, तळाची सगळी, डबा उपडा करून. हातानं कालवलं. तिसऱ्या खोलीत गेले आन् अकराच्या अकरांसमोर लांबलचक ओळीत वाढलं. ठिपकीला कुणी ढकलू नये म्हणून तिच्याशेजारी पाय रोवून उभी राहिले. ती खात होती, शेपूट हलवत होती.

मागनं साहेबांचा आवाज आला, "हे कुणाला विचारून केलं?"

"कुणाला न्हाई विचारलं," मी म्हटलं, मागं न बघता. "आणा तुमचा कागद. लिहा, ठकुबाईनं पूड वाटली. आता करते सही."